कळ

माझं पहिलं काम म्हणजे कळ.
फोनवरची. शून्य ते नऊ, शिवाय दोन चिन्हं.
ओउलू शहराच्या उत्तरेला, बर्चच्या झाडांमागे,
तळमजल्यावर एक पोलादी बोट होतं,
रात्रंदिवस एकच कळ दाबत बसलेलं.
दहा लाख वेळा. मग पुढची.
मी शेजारी बसून ठरवायचे
किती दाबलं की माणसाला वाटावं: हं, लागलं.
दोनशे ग्रॅम जास्त होतात, दीडशे कमी.
एकशे ऐंशीवर मी सही केली,
आणि त्या हिवाळ्यात कोण जाणे किती अंगठ्यांनी
अंधारात, खिशातल्या खिशात, न बघता
लिहिलं: पोचले.

मग फोन काचेचे झाले.
पोलादी बोट थांबवलं त्या दुपारी
कुणी भाषण केलं नाही.
त्याची वायर मीच गुंडाळली.

मला बढती मिळाली.
बढती म्हणजे काय, तर
आता कशालाही हात लावायचा नाही.
चार वर्षं मी माणसांच्या सुट्ट्या मंजूर केल्या,
त्यांच्या उद्दिष्टांपुढे हिरवे ठिपके लावले,
आणि पाचव्या ऑक्टोबरात एका खोलीत
एकतीस नावं वाचून दाखवली.
टेबलावर टिश्यूचा डबा कुणीतरी आधीच ठेवला होता.
बत्तिसावं नाव तुझं, हे तुला ठाऊक होतं का,
पार्किंगमध्ये कालेर्वोने विचारलं.
होतं.
तो बरं म्हणाला,
आणि स्वतःच्या गाडीवरचा बर्फ खरवडून झाल्यावर
माझ्याही काचेवरचा खरवडू लागला.

कालेर्वो त्रेपन्नाव्या वर्षी नळदुरुस्ती शिकला.
म्हणतो, गळती सापडली की सापडते,
तिला मीटिंग लागत नाही.

मी अकरा महिने घरी.
रोजगार कार्यालयातल्या मुलीने विचारलं,
तुम्हाला नेमकं काय येतं?
मी तिच्या टेबलावर तर्जनी ठेवली,
जराशी दाबली, उचलली.
तिने 'इतर' या शब्दापुढे खूण केली.

ओत्सो, माझा आताचा साहेब, सत्तावीस वर्षांचा.
लहानपणी त्याच्याकडे आमचाच फोन होता,
तो त्याने मासे धरताना तळ्यात घालवला.
एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी
गळ्यात घालायचं बटण बनवतात ही मुलं:
पडलात तर दाबा, कुणीतरी येईल.
मुलाखतीत तो चाचरत म्हणाला,
हे पद कनिष्ठ आहे, म्हणजे, तुमच्या मानाने.
मी विचारलं, कळ किती ग्रॅमची ठेवलीत?
तो खोलीभर बघत राहिला.
तेच तर कळत नाहीये, म्हणाला.

फेब्रुवारीत समुद्र गोठला तेव्हा
आम्ही बर्फावरच्या रस्त्याने हाइलुओतो बेटावर गेलो.
इम्पी लॅम्सा, वय एक्क्याण्णव,
बोटं वाळलेल्या आल्यासारखी.
दाबा, ओत्सो म्हणाला.
त्या बटणाकडे बघत राहिल्या. काही वाजलं नाही.
दाबलं की मी, त्या म्हणाल्या,
बोटापर्यंत पोचलं नसेल.

वहीत मी एकशे ऐंशी खोडलं.
नव्वद लिहिलं, तेही खोडलं. चाळीस.
चाळीसवर मांजर बसलं तरी रुग्णवाहिका येईल,
ओत्सो कुजबुजला, आणि मांजर खरोखरच
चुलीजवळून आमच्याकडे बघत होतं.

पुन्हा दाबा. अजून एकदा.
इम्पी कंटाळल्या. कॉफी निवत होती.
त्यांनी बटण बाजूला ठेवलं,
माझं मनगट ओढून घेतलं,
आणि आतल्या बाजूला, नाडीपाशी,
अंगठा टेकवला.
इतकं, म्हणाल्या. माझ्याकडे आहे ते एवढंच.

वजनाचा काटा गाडीत राहिला होता.
मी हात हलवला नाही.
ओत्सो, मी म्हटलं, पळ.